वावरातून पाठवलेला पिकाचा फोटो तज्ज्ञांना नीट दिसावा यासाठी काय करावे?

प्रश्न
कृषी सखी, कळंब तालुका, जि. यवतमाळ

सर्वांना नमस्कार. मी उमेद या ग्रामीण महिला बचतगटांच्या अभियानात कृषी सखी म्हणून काम करते. आमच्या गावासह शेजारच्या दोन गावांतील शेतकरी महिलांच्या वावरांत आठवड्यातून चार दिवस माझे जाणे असते. पिकावर काही वेगळे दिसले की मी मोबाईलने फोटो काढते, तज्ज्ञांना व्हॉट्सअॅपवर पाठवते आणि त्यांचा सल्ला त्या बाईंपर्यंत पोहोचवते. कागदावर हे सोपे दिसते, पण गेल्या दोन हंगामांत माझ्या निम्म्याहून अधिक फोटोंना "स्पष्ट दिसत नाही, पुन्हा पाठवा" असेच उत्तर आले आहे.

मागच्या आठवड्यातील प्रसंग सांगते, म्हणजे अडचण लक्षात येईल. एका काकूंच्या तीन एकर पऱ्हाटीची (कपाशीची) पाने कडेकडून लाल पडू लागली होती. मी दुपारी एकच्या सुमारास पाच फोटो काढले. त्यांचे वावर नाल्यालगतच्या खोलगट भागात असल्याने तिथे रेंजची जेमतेम एक काडी होती, त्यामुळे फोटोंवर घड्याळाची खूण तशीच राहिली आणि संध्याकाळी गावात परतल्यावर ते गेले. दुसऱ्या दिवशी उत्तर आले की पाने अंधुक आहेत, खालची बाजू दिसत नाही, आणि एवढ्यावरून हे तुडतुडे (रस शोषणारी कीड) आहेत की लाल्या (पाने लाल पडण्याची विकृती) हे सांगता येत नाही. तोपर्यंत काकूंनी दुकानातून दोन औषधे आणून फवारणी उरकली होती. पैसे तर गेलेच, पण मला खरी काळजी फवारणीची वाटते. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ती आठवण इथल्या प्रत्येक घरात ताजी आहे. जी फवारणी गरजेची नव्हती ती माझ्या अंधुक फोटोमुळे झाली असेल, तर मला ते दुरुस्त करायचे आहे.

माझा फोन साधा, दहा-बारा हजारांचा आहे. फोटो कसा काढावा, किती काढावेत, आणि रेंज कमी असताना ते न बिघडता कसे पाठवावेत, याविषयी अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.


उत्तर १
पीक संरक्षण विषयाचे निवृत्त विषयतज्ज्ञ, अकोला

ताई, निवृत्तीपूर्वीची सात-आठ वर्षे असे फोटो रोज पाहण्याचे काम माझ्याकडे होते, त्या अनुभवावरून लिहितो.

आम्ही स्वतः वावरात येतो तेव्हा काय करतो ते आठवून पाहा. आधी धुऱ्यावर (बांधावर) थांबून पूर्ण वावरावर नजर टाकतो, मग तासात (पिकाच्या ओळीत) शिरतो, झाड हलवून पाहतो, पान उलटे करतो, आणि तरीही उलगडा झाला नाही तर खोड चिरतो किंवा झाड उपटून मुळे पाहतो. फोटोंनीही याच वाटेने जावे. बहुतेक जण थेट पानापासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. मग पान कितीही स्वच्छ दिसले तरी लाली वावरभर सारखी आहे की उताराच्या बाजूलाच आहे, की धुऱ्याकडच्या चार तासांपुरती आहे, हे आम्हाला कळत नाही. निदान निम्मे तिथेच असते.

आपल्या काकूंच्या पऱ्हाटीचेच उदाहरण घेऊ. तुडतुडे पानाच्या खालच्या बाजूने रस शोषतात. त्यामुळे पानाच्या कडा आधी पिवळसर होतात, मग खाली मुरडतात आणि नंतर विटकरी-लाल पडतात. पान उलटवले की फिकट हिरवे, अगदी बारीक तुडतुडे तिरके चालत पळताना दिसतात. लाल्या ही कीड नाही, ती विकृती आहे. नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडणे, बोंडे भरताना झाडावर येणारा ताण, आणि रात्रीचे तापमान उतरणे अशी तिची कारणे आहेत आणि हलक्या जमिनीत ती लवकर दिसते. तिची लाली खालच्या, जुन्या पानांपासून सुरू होते आणि पान सहसा मुरडत नाही. आता पाहा, वरून काढलेल्या लाल पानाच्या फोटोत यातले एकही लक्षण ठरवता येत नाही. पान उलटवून काढलेला एक फोटो आणि पूर्ण झाडाचा बाजूने काढलेला एक फोटो असता, तर आपल्याला त्याच दिवशी उत्तर मिळाले असते. लाल्यावर कीटकनाशक मारून काहीच साधत नाही, म्हणून हा फरक इतका महत्त्वाचा.

काही दुखणी पानावर दिसतात, पण त्यांचे मूळ दुसरीकडे असते. सोयाबीनचा शेंडा सुकला असेल तर खोड उभे चिरून त्याचा फोटो काढा. खोडमाशी असेल तर आत लालसर नागमोडी पोखर दिसते. चक्री भुंग्याने देठावर किंवा खोडावर दोन वर्तुळाकार चकत्या पाडलेल्या असतात, त्या जागेचा फोटो हवा. पाऊस बराच खंड देऊन एकदम जोराचा पडला आणि पऱ्हाटी एका-दोन दिवसांत माना टाकू लागली, तर ती आकस्मिक मर असू शकते. तिथे झाड उपटून मुळांचा फोटो लागतो, कारण मूळकुजीत मुळाची साल सहज सुटून येते आणि आकस्मिक मरीत मुळे बहुधा धड असतात. गुलाबी बोंडअळी तर बाहेरून दिसतच नाही. फुलांच्या पाकळ्या मिटून डोमकळी झाली असेल तर तिचा फोटो जरूर काढा. बोंडे लागली असतील तर वावरात फिरून वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडे तोडा, फोडा, आणि पांढऱ्या कापडावर ओळीने मांडून एकच फोटो पाठवा. वीसपैकी दोन बोंडांत अळी किंवा तिचे नुकसान दिसले म्हणजे दहा टक्के झाले आणि ती आर्थिक नुकसानीची पातळी आहे, म्हणजे तिथून फवारणीचा खर्च परवडतो. कामगंध सापळा (गंधाने नर पतंगांना ओढणारा) लावला असेल तर त्यात अडकलेल्या पतंगांचाही फोटो घ्या. एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग, ही दुसरी खूण.

आता प्रत्यक्ष फोटोविषयी. आपल्या फोनचा मुख्य कॅमेरा पानाला चिकटवला तर त्याला फोकस मिळतच नाही. स्वस्त फोनमध्ये 'मॅक्रो' म्हणून दिलेले वेगळे भिंग बहुधा दोन मेगापिक्सेलचे असते आणि त्याचा फोटो मोठा करून पाहिला की फुटतो. म्हणून मुख्य कॅमेरा वापरा, पानापासून एक वीत अंतर ठेवा, पडद्यावर पानाला बोट लावून फोकस घ्या, आणि नंतर कडेची माती-गवत कापून टाका. वाऱ्याने पान हलत असेल तर मागे तळहात धरा, म्हणजे पान थांबते आणि कॅमेराही मागच्या धुऱ्यावर फोकस धरत नाही. कोपरे बरगड्यांना टेकवा, श्वास क्षणभर रोखा. भिंग आधी सुती कापडाने पुसा. पदराला लागलेली माती भिंगावर ओरखडे पाडते, म्हणून एक धुतलेला रुमाल वेगळाच ठेवा.

दुपारी एकचा फोटो हे आपल्या अडचणीचे मोठे कारण आहे, असे मला वाटते. डोक्यावरच्या उन्हात पानाचा रंग फिकट पडतो, पिवळा तर जवळजवळ पांढरा दिसतो. सोयाबीनचा पिवळा मोझॅक आणि लोहाची कमतरता यांत फरक करायचा तर पानभर हिरवे-पिवळे चट्टे आहेत, की शिरा हिरव्या राहून मधला भागच पिवळा झाला आहे, हे दिसावे लागते. सकाळी आठ ते दहा ही वेळ साधा. ती साधली नाही तर स्वतःच्या अंगाची किंवा छत्रीची सावली पानावर पूर्ण पाडा, अर्धी नको. आणि पानाशेजारी कोऱ्या वहीचा कागद ठेवा. फोनचा कॅमेरा रंग आपल्या मनाने बदलतो, पण कागद पांढरा असल्याचे आम्हाला माहीत असते, त्यामुळे पानाचा खरा रंग किती हे ताडता येते. त्याच कागदावर एक निरोगी पानही ठेवले तर फारच चांगले. फोटो सुंदर करणारे फिल्टर बंदच असू द्या.

सोबत चार ओळी लिहा किंवा बोलून पाठवा: वाण, पेरणीची तारीख, शेवटची फवारणी कशाची आणि कधी, खत काय दिले, पाऊस केव्हा झाला, आणि शंभरातल्या अंदाजे किती झाडांवर हे दिसते. फवारणी नुकतीच झाली असेल तर फोटोसाठी त्या वावरात शिरू नका, आणि औषध लागलेल्या हातांनी फोन धरू नका. तोच फोन नंतर कानाला, गालाला लागतो.


उत्तर २
ग्रामीण वार्ताहर, धारणी तालुका, जि. अमरावती

फोटो कसा काढावा हे वरच्या उत्तरात उत्तम आले आहे. मी पाठवण्याविषयी लिहितो, कारण मेळघाटातून बातम्यांचे फोटो पाठवताना बारा वर्षे हीच ओढाताण केली आहे.

व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत मूळ फोटो नसते. पाठवताना तो लहान केला जातो आणि त्यात बारीक तपशील पुसट होतात. तुडतुड्याएवढी वस्तू अशा फोटोत हरवते. २०२३ पासून फोटो पाठवताना वर 'एचडी' ही खूण येते. ती निवडली तर बराच तपशील टिकतो. पूर्ण मूळ फोटोच पाठवायचा असेल तर जोडणीच्या खुणेवर जाऊन 'डॉक्युमेंट' निवडा आणि फोटो तिथून द्या. मग त्याला हातही लागत नाही.

पण ताई, प्रत्येक फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवू नका. हिशेब पाहा. मूळ फोटो साधारण चार एमबीचा असतो. रेंजच्या एका काडीवर सेकंदाला शंभर किलोबिट वेग मिळाला, तर तो जायला पाच मिनिटांहून अधिक लागतात, आणि मध्ये रेंज तुटली की खोळंबा होतो. लहान केलेला पाव एमबीचा फोटो त्याच वेगाने वीस सेकंदांत जातो. म्हणून धुऱ्यावरून काढलेला वावराचा आणि पूर्ण झाडाचा फोटो साधाच पाठवा, त्यात काही बिघडत नाही. पानाची खालची बाजू, चिरलेले खोड, फोडलेली बोंडे हे दोन-तीन फोटो मात्र एचडी किंवा डॉक्युमेंट करून द्या. वरच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे कडेचा भाग कापला की फोटोचा आकारही घटतो आणि पानाचा तपशील तसाच राहतो, म्हणजे कापणे हा दोन्ही बाजूंनी फायद्याचा उपाय आहे. स्क्रीनशॉट काढून पाठवण्याची सवय अनेकांना असते, ती मोडावी, कारण मग फोनच्या पडद्यावर जेवढे दिसते तेवढेच उरते.

खोलगट वावरात उभे राहून फोटो जाण्याची वाट पाहणे म्हणजे बॅटरी घालवणे होय. रेंज कमी असली की टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी फोन अधिक ताकद लावतो आणि चार्जिंग झपाट्याने उतरते. फोटो काढून होईपर्यंत नेट बंदच ठेवा. मग जवळचा उंचवटा, नाल्याचा काठ, कालव्याची पाळ, जिथे रेंज येते ती जागा गाठा आणि तिथे नेट सुरू करा. आमच्याकडे प्रत्येक गावात अशी एखादी जागा असते आणि गुराख्यांना ती बरोबर ठाऊक असते. नेट सुरू करूनही काही हलत नसेल तर एअरप्लेन मोड अर्धा मिनिट चालू करून बंद करा, फोन टॉवर नव्याने शोधतो. दोन सिमची सोय असेल तर त्या शिवारात कोणते सिम चालते याची नोंद वहीत ठेवा. गुगल फोटोजची आपोआप प्रत ठेवण्याची सोय मोबाईल नेटवर बंद करा. ती चालू असली तर दिवसभराचे सगळे फोटो त्याच अरुंद वाटेने निघतात आणि आपला कामाचा फोटो मागे राहतो.

घाई असेल आणि फोटो जातच नसेल तर बोला. फोटो जात नाही अशा रेंजवरही फोन आणि एसएमएस बहुधा लागतो. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. लक्षणे वरच्या क्रमाने सांगितली तर फोटोशिवायही बराच उलगडा होतो.


उत्तर ३
शेतकरी, समुद्रपूर तालुका, जि. वर्धा

दोन्ही उत्तरांतले जवळजवळ सर्व पटले. मला भर घालायची आहे ती फोटो कोणत्या वावरातला आणि कधीचा, या मुद्द्याची.

२०२३ च्या खरिपात माझ्या सोयाबीनमध्ये नाल्याचे पाणी शिरले. पीक विम्यासाठी नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यायची होती, ती मी दिली. फोटोही भरपूर काढले, गावच्या ग्रुपवर टाकले आणि फोनमध्ये जागा नव्हती म्हणून मूळ फोटो पुसून टाकले. पाहणीला माणूस आला तोपर्यंत पाणी ओसरून चिखल वाळला होता. फोटो कुठले आणि कोणत्या तारखेचे, असे त्याने विचारले, तेव्हा दाखवायला माझ्याकडे ग्रुपवरच्या प्रती होत्या, आणि त्यांत ती माहिती नव्हती. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू असेल तर मूळ फोटोच्या आत जागेचे अक्षांश-रेखांश आणि वेळ नोंदली जाते. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवताना जागेची नोंद गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती टिकते. त्यामुळे पाठवून झाले तरी मूळ फोटो हंगाम संपेपर्यंत पुसू नका, मेमरी कार्डावर हलवा.

जागा नोंदण्यासाठी रेंज लागते असा अनेकांचा समज आहे, तो चुकीचा आहे. जीपीएसला उपग्रह दिसले की पुरते. नेट नसताना पहिल्या वेळी त्याला जागा सापडायला थोडा वेळ लागतो, म्हणून झाडाखालून बाहेर येऊन एक-दोन मिनिटे मोकळ्या आभाळाखाली थांबावे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून वावरात उभे राहून फोटो काढण्याची सवय आपल्याला झालीच आहे, तीच इथे कामी येते.

आणखी एक. ताई तीन गावांत फिरतात, म्हणजे एका दिवसात चार-पाच वावरांचे फोटो एकाच फोनमध्ये गोळा होत असणार. माझ्या पुतण्याची शाळेची पाटी मी सोबत ठेवतो. वावरात शिरताना पाटीवर गट क्रमांक, पीक आणि तारीख लिहून तिचा पहिला फोटो काढतो, त्यानंतरचे सगळे फोटो त्या वावराचे. पुढच्या वावरात पाटी पुसून पुन्हा लिहायची. रात्री फोटो निवडताना कोणाचे पान कोणते हा गोंधळ होत नाही.

झाड उपटण्याच्या सल्ल्याबाबत एवढेच सांगेन की उपटण्याआधी ते उभे असतानाचा फोटो घ्यावा, आणि वावराच्या मालकिणीला विचारूनच हात लावावा. बाईंनी खुरप्याने जपलेले झाड असते ते.


प्रश्नकर्तीचे उत्तर
कृषी सखी, कळंब तालुका, जि. यवतमाळ

आपण तिघांनी इतक्या तपशिलाने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. चार दिवस हे सर्व करून पाहिले आणि आज कळवते आहे.

काकूंच्या वावरात फवारणी होऊन आठवडा उलटल्याची खात्री करून सकाळी साडेआठला गेले. पाटीचा फोटो, धुऱ्यावरून वावराचा फोटो, एका झाडाचा बाजूने काढलेला फोटो, मग पान वहीच्या कागदावर ठेवून वरून आणि खालून. एक वीत अंतर ठेवल्यावर पानाच्या शिराच नव्हे, शिरांवरची लवसुद्धा दिसली, हे मला आजवर माहीतच नव्हते. नाल्याच्या काठावर येऊन नेट सुरू केले. तीन फोटो साधे आणि पानाचे दोन डॉक्युमेंट करून पाठवले. पंधरा मिनिटांत पाचही गेले. दुपारी तज्ज्ञांचा फोन आला. लाली खालच्या पानांपासून आहे, पाने मुरडलेली नाहीत, पुढच्या बाजूची हलकी बरड जमीन धुऱ्यावरच्या फोटोत वेगळी दिसते आहे आणि लाली तिथेच दाट आहे, त्यामुळे ती लाल्याची वाटते, असे त्यांनी सांगितले. काकू दुसऱ्या फवारणीसाठी औषध आणणार होत्या, ते थांबवले.

एक शंका उरली आहे. फवारणी झालेली असल्याने खालच्या बाजूला तुडतुडे न दिसणे साहजिकच होते. मग ते आधीही नव्हते, हे फोटोवरून कसे म्हणता येईल? आणि ज्या वावरात फवारणी झालेली नाही, तिथे तुडतुडे मोजताना नेमकी किती पाने पाहावीत आणि कोणती?


उत्तर १ च्या लेखकाकडून
निवृत्त विषयतज्ज्ञ, अकोला

ताई, शंका अगदी योग्य आहे. फवारणीनंतरच्या फोटोवरून तुडतुडे आधी नव्हतेच असे ठामपणे म्हणता येत नाही. मात्र त्यांनी केलेले नुकसान पानावर राहते. मुरडलेली कड फवारणीने सरळ होत नाही, आणि आपल्या फोटोत कडा सपाट आहेत, म्हणून तज्ज्ञांचे निदान मला पटते. वावराच्या कडेला फवारणीतून सुटलेली दोन-चार झाडे असतील तर त्यांचीही पाने उलटवून पाहा.

मोजणीसाठी वावरात आडवेतिडवे फिरून वीस झाडे निवडा आणि प्रत्येक झाडाचे वरचे, मधले आणि खालचे असे एकेक पान हळूच उलटवून तुडतुडे मोजा. झाड आधी हलवू नका, नाहीतर ते उडतात. सरासरी प्रत्येक पानामागे दोन ते तीन तुडतुडे भरले तर फवारणीचा विचार करायचा. मोजणी वहीत लिहा आणि त्या पानाचाच फोटो पाठवा, म्हणजे आकडा आणि फोटो दोन्ही एकाच वेळी पोहोचतील.